३१ जूनची दुरुस्ती : एका उपरोधिक वाचकपत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावाचे आणि त्या गावात घरोघरी जाणाऱ्या एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीचे आहे. गाव, दैनिक आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत व ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची, म्हणजे भारतीय न्याय संहिता लागू होण्याआधीची आहे. त्यामुळे पुढे ज्या कलमांचा उल्लेख येतो ती त्या वेळच्या कायद्यातील आहेत.

मराठी वृत्तपत्र आणि वाचकाचे पत्र यांचे नाते जुने आहे. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला आणि १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने आलेल्या पत्रांनी महाराष्ट्राला बरेच कडू घोट पाजले. आजही ‘लोकसत्ते’चे ‘लोकमानस’ अग्रलेखाच्याही आधी वाचणारे वाचक आहेत, आणि दादरला तर वृत्तपत्रांत पत्रे लिहिणाऱ्यांचा स्वतःचा संघ आहे. जिल्हा आवृत्तीतला पत्रांचा स्तंभ मात्र एवढा प्रतिष्ठित नसतो. तिथे एसटीच्या फेऱ्या, पथदिवे, मोकाट कुत्री, स्मशानभूमीचे पत्रे आणि रस्त्यांतले खड्डे हेच विषय वर्षानुवर्षे फिरत राहतात, आणि म्हणूनच तिथे विनोदी पत्राला मोल असते. एकच तक्रार विसाव्यांदा वाचताना वाचक पान उलटतो. तीच तक्रार कोणी अभिनंदनाच्या थाटात केली, की तो थांबतो.

अशा विनोदी पत्रांचे काही ठरलेले घाट आहेत. नळाला पाणी न आल्याबद्दल पाणीपुरवठा विभागाचे आभार मानणारे पत्र हा एक. खड्ड्याच्या किंवा कचराकुंडीच्या वाढदिवसाचे निमंत्रण हा दुसरा. भटक्या कुत्र्यांनी नगरपरिषदेला दिलेले निवेदन हा तिसरा. आणि चौथा, सर्वांत अवघड घाट म्हणजे सरकारी भाषेची हुबेहूब नक्कल : योजना, पात्रता, अटी, अर्जासोबत जोडावयाची कागदपत्रे. पहिल्या तिन्हींत विनोद उघडाच असतो, कारण कुत्रे निवेदन देत नाही. चौथ्यात तो फक्त तपशिलाच्या अतिरेकात असतो. तो अतिरेक काढून घेतला, की जे उरते ते सरकारी परिपत्रक.

प्रकरणातील पत्रलेखक निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून इथेही तसेच म्हणू. त्यांचे पत्र महिन्या-दोन महिन्यांनी येई. रेघी फुलस्केपवर, एका बाजूला लिहिलेले, समास सोडलेला, शाईच्या पेनाचे अक्षर. कार्यालयातील जुन्या लोकांना त्यांची तिरकस शैली पाठ होती. त्यामुळे नाव, पत्ता व दूरध्वनी पडताळून पाहण्याची जी पद्धत नव्या पत्रलेखकांच्या बाबतीत पाळली जाई, ती त्यांच्या बाबतीत केव्हाच गळून पडली होती.

मूळ पत्र आणि छापलेले पत्र

जूनचा पहिला पाऊस पडला आणि बसस्थानक ते जुनी पेठ या मुख्य रस्त्याची चाळण झाली. गुरुजींनी पत्र लिहिले. त्यातील महत्त्वाचा भाग असा होता :

“आपल्या नगरपरिषदेने पावसाळ्याच्या मुहूर्तावर सुरू केलेल्या खड्डा दत्तक योजनेबद्दल तिचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. या योजनेनुसार प्रत्येक खड्ड्यास क्रमांक देण्यात येईल व त्यात जो नागरिक सर्वप्रथम पडेल त्यास त्या खड्ड्याचे पालकत्व मिळेल. पालकास वर्षाकाठी पाचशे रुपये देखभाल भत्ता मिळेल. खड्डा बुजल्यास भत्ता बंद होणार असल्याने तो बुजू नये याची दक्षता पालकाने घ्यावयाची आहे. ही दक्षता नगरपरिषद आजवर विनामोबदला घेत आली, याची कृतज्ञ नोंद व्हावी. अर्जासोबत आधार कार्डाची छायाप्रत, खड्ड्याचा एक व खड्ड्यातील अर्जदाराचा एक असे दोन फोटो, आणि पडताना पाहिलेल्या दोन पंचांच्या सह्या जोडाव्यात. अर्ज नगरपरिषद कार्यालयात स्वीकारले जातील. योजनेचा शुभारंभ ३१ जून रोजी गावातील सर्वांत खोल खड्ड्यात होईल. व्यासपीठ तळाशी असल्याने मान्यवरांनी येताना टॉवेल आणावा.”

पत्र लांब होते आणि त्या दिवशी शेवटच्या घटकेला जाहिरात आल्यामुळे पत्रांची जागा कमी झाली होती. पान लावणारा उपसंपादक नवा होता. गुरुजींचे अक्षर त्याने पाहिलेले नव्हते, कारण त्याच्यापुढे ऑपरेटरने टाइप केलेला मजकूरच आला. मजकूर बसेना, म्हणून त्याने सर्वसाधारण बातमीला लावतात तोच नियम लावला आणि शेपूट कापले. टॉवेल गेला, तळातले व्यासपीठ गेले. मधली ‘विनामोबदला दक्षता’ टीकात्मक शेरा म्हणून गेली. ‘सर्वप्रथम पडेल’ हा भाग बोजड वाटल्याने ‘अर्जदार नागरिकास’ असा सुटसुटीत झाला, आणि मग पंचांना काही काम न उरल्याने तेही गेले. राहिला शुभारंभ. जूनला तीसच दिवस असतात हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने तत्परतेने ३१ चे ३० केले. मथळा दिला, ‘खड्डा दत्तक योजनेचे स्वागत’.

इथे त्या उपसंपादकाची थट्टा करण्याचा मोह होतो, पण त्याने केलेली प्रत्येक दुरुस्ती सुटी पाहिली तर ती चांगल्या उपसंपादकाचीच आहे. चुकीची तारीख दुरुस्त करणे, पुनरुक्ती काढणे, शेरेबाजी गाळणे, वाक्य आटोपशीर करणे हेच त्याला शिकवले गेले होते. हे सर्व संस्कार बातमीसाठी असतात आणि उपरोधिक पत्रावर ते एकत्र लावले की उपरोध नेमका तेवढाच निघून जातो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मुद्रितशोधकाने पान पाहिले. त्याला शुद्धलेखनाची चूक सापडली नाही, आणि ती नव्हतीच.

अडचण

पत्र छापून आले त्या दिवशी कोणाचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पत्राच्या कात्रणाचा फोटो गावातील व्हॉट्सअॅप गटांवर फिरू लागला. फोटो काढणाऱ्याने मथळा व मजकूर तेवढा घेतला होता. वर असलेले ‘वाचकांची पत्रे’ हे स्तंभाचे नाव आणि खाली असलेले गुरुजींचे नाव दोन्ही चौकटीबाहेर राहिले. आता ती सरळ सरळ दैनिकातली बातमी झाली होती.

लोकांनी तिच्यावर विश्वास का ठेवला, असा प्रश्न नंतरच्या बैठकीत कोणीतरी विचारला. त्याचे उत्तर फार शोधावे लागत नाही. खासदारांनी गावे दत्तक घेण्याची योजना २०१४ पासून सर्वांना माहीत आहे. झाडे दत्तक दिली जातात, चौक आणि वाहतूक बेटे दत्तक दिली जातात व तिथे दत्तक घेणाऱ्याच्या पाट्या लागतात. मग खड्डा का नाही? शिवाय पाचशे रुपये ही रक्कम खोटी वाटण्याइतकी मोठी नव्हती आणि दुर्लक्ष करण्याइतकी लहानही नव्हती. खड्ड्यापायी सरकारी पैसा नागरिकाच्या हाती पडणे ही कल्पना पुढे तेवढी हास्यास्पद राहिलीही नाही : ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि इजा झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला.

३० जूनची वाट न पाहता लोक अर्ज घेऊन नगरपरिषदेत येऊ लागले. गावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाने अर्जाचा नमुना तयार करून वीस रुपयांना विकायला सुरुवात केली. नगरपरिषदेच्या आवक-जावक कारकुनाने पहिल्या दिवशी आलेले अर्ज शांतपणे स्वीकारले, त्यांवर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली. योजना आहे की नाही हे पाहणे त्याचे काम नव्हते; टपाल घेणे हे होते. या शिक्क्यांनी प्रकरणाला वजन आले, कारण आता लोकांच्या हाती नगरपरिषदेची पोच होती आणि नगरपरिषदेवर लेखी उत्तराची जबाबदारी होती.

अर्ज घेऊन आलेल्यांत एक भाजीविक्रेत्या आजी होत्या. त्याच रस्त्यावर पडून त्यांचा हात मोडला होता. त्यांनी अर्जाबरोबर एक्स-रेची फिल्म आणली होती आणि ती पिशवीतून काढून खिडकीतल्या माणसाला उजेडाकडे धरून दाखवत होत्या. तालुका प्रतिनिधी त्या वेळी तिथेच उभा होता.

तिसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांचे पत्र दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात आले. नगरपरिषदेची व अधिकाऱ्यांची बदनामी झाली, जनतेत अफवा पसरली व कार्यालयीन कामकाजात अडथळा आला, तरी पहिल्या पानावर विनाशर्त माफी मागावी, अन्यथा दैनिक व पत्रलेखक दोघांवर भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५०० नुसार कारवाई करण्यात येईल, असा त्यात इशारा होता. त्याची प्रत गुरुजींनाही गेली.

समोरचे पर्याय

निवासी संपादकांनी त्याच संध्याकाळी वृत्तसंपादक, पानाचा उपसंपादक आणि तालुका प्रतिनिधी यांना बसवले व दैनिकाच्या कायदेशीर सल्लागारांना फोनवर घेतले. मूळ फुलस्केप फाइलमधून काढून टेबलावर ठेवले गेले. छापलेले पत्र आणि मूळ पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर, काय घडले आहे ते पहिल्यांदा सर्वांच्या ध्यानात आले.

पहिला पर्याय गप्प बसण्याचा होता. आजचा पेपर उद्या रद्दीत जातो, दोन दिवसांत लोक विसरतील, असे वृत्तसंपादकांचे म्हणणे. त्यात तथ्य होते, पण पोच घेतलेले लोक विसरणार नव्हते, आणि ३० जूनला नगरपरिषदेच्या दारात जमणाऱ्या गर्दीची जबाबदारी टळणार नव्हती.

दुसरा पर्याय हात झटकण्याचा. स्तंभाखाली रोज छापले जाते की पत्रांतील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. तेवढे पुरेसे आहे, असे प्रतिनिधीला वाटत होते. सल्लागारांनी हा भ्रम लगेच दूर केला. सहमत असो वा नसो, छापले म्हणजे प्रसिद्ध केले. आणि ज्याचे नाव अंकावर संपादक म्हणून छापले जाते, त्याने मजकूर निवडला असे वृत्तपत्र व पुस्तक नोंदणीच्या १८६७ च्या कायद्यानुसार गृहीत धरले जाते. (हा कायदा आता राहिलेला नाही, १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा लागू झाला आहे.) पण हात झटकण्यातली खरी अडचण कायद्याची नव्हती. पत्रलेखकाकडे बोट दाखवायचे, तर त्याने लिहिलेलेच छापले गेले असायला हवे होते.

तिसरा पर्याय म्हणजे मागितलेली विनाशर्त माफी. सल्लागारांच्या मते तेवढी घाबरण्याची गरज नव्हती. स्थानिक स्वराज्य संस्थेला बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात म्हटले आहे. फौजदारी तक्रारीचा मार्ग वेगळा, पण पत्रात कोणाही अधिकाऱ्याचे नाव नव्हते, आणि सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेने केलेल्या टीकेला कलम ४९९ मध्येच अपवाद आहे. निवासी संपादकांचा आक्षेप निराळा होता. माफी नेमकी कशाची मागायची? उपरोधाची मागितली, तर पुन्हा त्या स्तंभात कोणी तिरके लिहिणार नाही. संपादनाची मागितली, तर ती नगरपरिषदेकडे नव्हे, गुरुजींकडे आणि वाचकांकडे मागायला हवी.

चौथा पर्याय प्रतिनिधीने मोठ्या उत्साहाने मांडला : लोक खड्ड्यांत बसून काढलेले फोटो घेऊन आले आहेत, कारकुनाने शिक्के मारले आहेत, यावर झकास बातमी होईल. बैठकीत हशा पिकला. वृत्तसंपादकही अनुकूल झाले. इथे निवासी संपादकांनी जो निर्णय घेतला, तो माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आहे. ते म्हणाले, “जे लोक आले ते आपला पेपर खरा मानून आले. त्यांना हसायचं असेल, तर आधी आपला पेपर बंद करू या.” गुरुजींच्या पत्रातला विनोद वरच्या दिशेने, नगरपरिषदेवर होता; ही बातमी छापली असती, तर तोच विनोद खाली, अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांवर वळला असता.

पाचव्या पर्यायाला भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेचा आधार होता. चूक लक्षात आली की ती आपणहून, लवकर आणि ठळकपणे दुरुस्त करावी, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याच्या खुलाशाला जागा द्यावी, असे तिच्यात सांगितले आहे. तीच आचारसंहिता संपादकाला आलेली सगळी पत्रे छापण्याचे बंधन घालत नाही. निवड करता येते, पत्राचा सारांशही देता येतो. प्रश्न एवढाच होता की सारांशात सार उरले होते का.

प्रत्यक्षात काय केले

दुसऱ्या दिवशी सकाळी निवासी संपादक आणि तो उपसंपादक गुरुजींच्या घरी गेले. नोटीस चहाच्या कपाखाली होती. तिची त्यांना विशेष काळजी दिसली नाही. त्यांचे दुःख वेगळे होते. “बाळ,” ते उपसंपादकाला म्हणाले, “जून तीस दिवसांचा असतो हे मी जन्मभर पोरांना मुठीवर मोजून शिकवलं. ३१ लिहिताना माझा हात चुकला असेल, असं तुला वाटलं?” उपसंपादक काही बोलला नाही. मग गुरुजींनीच त्याला विचारले, की कोणते वाक्य आधी कापले आणि का, आणि दोघांनी मूळ पत्रावर पेन्सिलीने खुणा करीत अर्धा तास घालवला. कापायचेच होते तर आधार कार्ड आणि कार्यालयाचा पत्ता कापायला हवा होता, म्हणजे कोणी गेलेच नसते, असे गुरुजींचे मत पडले. ते बरोबर होते.

त्यानंतरच्या अंकात तीन गोष्टी एकत्र आल्या. पत्रांच्या स्तंभातच, नेहमीच्या दुप्पट जागेत, गुरुजींचे संपूर्ण पत्र ३१ जूनसह छापले गेले. त्याच्यावर चौकटीत संपादकांचे निवेदन होते : मूळ पत्र उपरोधिक होते, संपादन करताना त्यातील उपरोध दर्शविणारा भाग आमच्याकडून गाळला गेला व तारीख बदलली गेली, अशी कोणतीही योजना नाही, वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल व पत्रलेखकाच्या मजकुराचा अर्थ बदलल्याबद्दल दिलगीर आहोत. शेजारी मुख्याधिकाऱ्यांचा खुलासा, एकही शब्द न बदलता, त्यांच्या स्वाक्षरीनिशी होता. पहिल्या पानावर माफी नव्हती, फक्त आतल्या निवेदनाकडे लक्ष वेधणारी दोन ओळींची सूचना होती.

आणि जिल्हा पानावर, विनोदाचा एकही शब्द न वापरता, त्या रस्त्यावर पडून जखमी झालेल्यांची साधी बातमी होती. भाजीविक्रेत्या आजींचे नाव त्यांच्या इच्छेनुसार दिले नाही. रस्ते बांधणे व दुरुस्त ठेवणे हे १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार नगरपरिषदेचे कर्तव्य आहे, हे वाक्य बातमीत शेवटी होते. या वेळी ते कोणी कापले नाही. बातमी आणि पत्र वेगळ्या पानांवर ठेवावे असा निवासी संपादकांचा आग्रह होता.

एक गोष्ट मात्र करता आली नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारे कात्रण कोणाला परत घेता येत नाही. नव्या निवेदनाचे कात्रण त्याच गटांवर टाकण्यात आले, पण दिलगिरीला योजनेइतके पाय नसतात. ३० जूनला सकाळी काही लोक आलेच. त्यांना समजावून सांगायला तालुका प्रतिनिधीला नगरपरिषदेच्या दारात उभे केले होते, आणि ज्याला चार दिवसांपूर्वी त्यांच्यावर झकास बातमी करायची होती, त्याने दुपारपर्यंत ते काम न कंटाळता केले.

परिणाम

कायदेशीर कारवाई झाली नाही. खुलासा जसाच्या तसा छापल्याने मुख्याधिकाऱ्यांचे समाधान झाले असावे. निदान पुढे त्यांचे पत्र आले नाही. सर्वसाधारण सभेत एका सदस्याने विषय काढला, दुसऱ्याने खड्ड्यांचा काढला, आणि चर्चा दुसऱ्या विषयावर सरकली. रस्त्यावर मुरूम पडला. पावसात मुरमाचे जे होते ते झाले.

आवक क्रमांक पडलेल्या अर्जांना नगरपरिषदेने नियमाप्रमाणे उत्तरे दिली : “उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर योजना या कार्यालयाच्या विचाराधीन नाही.” त्यावर एका अर्जदाराचे दोन ओळींचे पत्र दैनिकाकडे आले. योजना विचाराधीन नाही हे समजले, खड्डे विचाराधीन आहेत काय, असे त्याने विचारले होते. हे पत्र जसेच्या तसे छापले गेले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले ते सर्वांत चांगले विनोदी पत्र, आणि ते लिहिणाऱ्याने आयुष्यात पूर्वी कधी वृत्तपत्राला लिहिले नव्हते.

मग नकला सुरू झाल्या. गटार दत्तक, डास पालकत्व, थकीत पाणीपट्टीचा वाढदिवस. पहिली चार-दोन छापली गेली. पुढची वाचवत नव्हती. उत्तर-प्रत्युत्तरे कुठे थांबवायची हे संपादकाने ठरवावे, असे वृत्तपत्र परिषदेची आचारसंहिता म्हणते. तो अधिकार वापरून ‘हा विषय येथे थांबवत आहोत’ अशी ओळ टाकली गेली. ती आठवडाभर आधी टाकली असती तरी चालले असते.

गुरुजींनी काही महिने काहीच पाठवले नाही. मग दिवाळीच्या सुमारास फुलस्केप आले, वर तांबड्या शाईत लिहिले होते, “सदर पत्र उपरोधिक आहे. तारखा दुरुस्त करू नयेत.” कार्यालयात सगळ्यांनी ते हातोहात वाचले. पत्र मात्र पूर्वीइतके मोकळे नव्हते. प्रत्येक विनोदानंतर तो समजावून देणारे वाक्य होते. संपादकांनी ती वाक्ये कापली आणि छापण्यापूर्वी फोनवर त्यांना कळवले. नोटिशीची भीती त्यांना वाटली नव्हती, पण गैरसमजाची वाटू लागली होती, आणि लिहिणाऱ्याच्या हातात एकदा ती शिरली की निघायला वेळ लागतो.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू पत्र हाती आले तेव्हाचा आहे. हस्तलिखित ऑपरेटरकडे जाते आणि उपसंपादकापुढे टाइप केलेला, चेहरा नसलेला मजकूर येतो. त्या वाटेवर ‘हे गुरुजींचे आहे’ हे ज्ञान गळून पडले. पत्र स्वीकारणाऱ्याने कोपऱ्यात ‘उपरोधिक’ एवढा शेरा मारला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. आता त्या कार्यालयात तशी पद्धत आहे. हा शेरा छापायचा नसतो, पान लावणाऱ्यापुरता असतो.

दुसरा, कापण्याचा. बातमीचे शेपूट कापता येते, कारण तिच्यात महत्त्वाचे आधी आलेले असते. उपरोधिक पत्रात उलट असते. लेखक सरळ चेहऱ्याने सुरुवात करतो आणि शेवटी मिस्कील होतो. म्हणून जागा कमी असेल तर असे पत्र मधून कापावे, आणि मधूनही कापता येत नसेल तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. खड्डे दुसऱ्या दिवशीही असतात. तारीख, आकडा किंवा नाव बदलण्यापूर्वी लेखकाला एक फोन करावा, हा नियम तर सर्वच पत्रांना लावायला हरकत नाही. मात्र जिल्हा कार्यालयात रात्री नऊनंतर, दोन माणसे आणि सहा पाने असताना तो किती पाळला जाईल, याविषयी मला शंका आहे, आणि त्या कार्यालयातील लोकांनाही आहे.

तिसरा मुद्दा वादाचा राहिला. दैनिकाच्या मुख्य कार्यालयाने नंतर सूचना काढली, की विनोदी पत्रे ‘हलकेफुलके’ अशा वेगळ्या शीर्षकाखालीच छापावीत. गैरसमज टळतील हे खरे. पण विनोद येणार आहे असे आधीच बजावल्यावर वाचक तो विनोद म्हणून वाचतो आणि नगरपरिषदही तो विनोद म्हणून सोडून देते. गंभीर पत्रांच्या रांगेत गंभीर चेहऱ्याने उभे राहणे, हीच अशा पत्राची ताकद असते. निवासी संपादकांनी सूचना पाळली, पण मथळ्यातून मार्ग काढला. ‘खड्डा दत्तक योजनेचे स्वागत’ ऐवजी ‘खड्ड्यात पडा, पालक व्हा’ असा मथळा दिला असता, तर शेपूट कापूनही कोणी आधार कार्डाची झेरॉक्स काढली नसती. मथळा हा लेखकाचा नसतो, संपादकाचा असतो. वाचकाला डोळा मारायचा तो तिथेच.

चौथा मुद्दा वाचकाला कृती करायला लावणाऱ्या तपशिलांचा आहे. अर्ज कुठे द्यायचा, कोणती कागदपत्रे, किती रक्कम, कोणती तारीख : ही माहिती नकलेत कितीही मजेदार वाटली, तरी तिच्यावर विसंबून कोणीतरी रोजगार बुडवून रांगेत उभे राहू शकते. मुख्य कार्यालयाने अशी माहिती असलेली विनोदी पत्रे छापूच नयेत असे सुचवले आहे. मला ते टोकाचे वाटते. अर्ज खड्ड्यात टाकावा असे लिहिले, तर नक्कलही राहते आणि कोणी कार्यालयात जात नाही; लेखकाला फोन करून एवढा एक बदल सुचवणे पुरेसे आहे.

कात्रणाच्या फोटोवर उपाय साधा होता आणि तो लगेच अमलात आला. स्तंभाचे नाव आता पानावर फक्त एकदा न येता प्रत्येक पत्राच्या मथळ्यावर बारीक अक्षरात येते, आणि लेखकाचे नाव तळाऐवजी मथळ्याखाली येते, म्हणजे मजकूर कापून घेणाऱ्याला ते सोडून घेता येत नाही. गुरुजींनी या बदलावर टीकेचे पत्र पाठवले आहे. नाव आधी वाचले की लोक हसायला आधीच सुरुवात करतात, असे त्यांचे म्हणणे आहे. ते पत्र उपरोधिक आहे की नाही यावर कार्यालयात दोन मते पडली, तेव्हा या वेळी त्यांना फोन करून विचारण्यात आले.